मालवणच्या सागरी अभयारण्याचा राखणदार नेमका कोण?

खडपावरचा (धागाकर्ता)

मंडळी, गेल्या आठवड्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागल्या बाजूला होतो. पाणी इतकं नितळ होतं की होडीत बसून तळाचं खडप (खडक) दिसत होतं. तेवढ्यात पर्यटकांची एक होडी आली आणि तिने नांगर टाकला तो थेट प्रवाळावर. लाटेबरोबर होडी मागे सरकली की नांगरही खाली खरडत जायचा. मी ओरडलो, हातवारे केले. होडीवाला भला माणूस, "दोन मिनिटांत निघतो" म्हणाला. निघायला त्याला अर्धा तास लागला.

किनाऱ्यावर येऊन फोन लावायला बसलो. एका कार्यालयातून दुसऱ्याचा नंबर मिळाला, दुसऱ्यातून तिसऱ्याचा. तिसऱ्याने लेखी अर्ज करा म्हणून सांगितलं. कुणीही उद्धट बोललं नाही, उलट तिघांनाही वाईट वाटलेलं जाणवलं. कार्यालयांची नावं घेत नाही, कारण त्या माणसांवर राग नाही. प्रत्येकाला खरंच वाटत होतं की हे काम पलीकडच्याचं आहे.

मग रात्री कागद वाचायला घेतले. १३ एप्रिल १९८७ रोजी हे अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र सुमारे २९.१२ चौरस किलोमीटर. त्यात गाभा ३.१८ चौरस किलोमीटरचा: सिंधुदुर्ग, पद्मगड आणि भोवतालची पाण्याखालची खडपं. उरलेलं २५.९४ चौरस किलोमीटर बफर, म्हणजे भोवतालचा पट्टा. राज्यातलं हे एकमेव खरंखुरं सागरी अभयारण्य, कारण ठाण्याचं फ्लेमिंगो अभयारण्य खाडीतलं आहे.

एवढ्याशा पाण्यावर हक्क आणि जबाबदारी किती जणांची, ते बघा. प्रवाळ, कासव, डॉल्फिन वनखात्याच्या कायद्यात. मासेमारी मत्स्यव्यवसाय खात्याकडे. प्रवासी होडीचा परवाना मेरीटाइम बोर्डाकडे. किल्ल्याचा तट पुरातत्त्व खात्याकडे, आणि जुलै २०२५ पासून तो जागतिक वारसा यादीतही आहे. रात्री अनोळखी बोट दिसली तर सागरी पोलीस आणि तटरक्षक दल. शहराचं सांडपाणी नगरपरिषदेचं, त्याची तपासणी प्रदूषण नियंत्रण मंडळाची. किनाऱ्यावरचं बांधकाम सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांत.

माझा प्रश्न साधा आहे. नांगर प्रवाळावर पडलेला आहे आणि माझ्या हातात फोन आहे. पहिला फोन कुणाला करायचा? ज्यांना आतलं माहीत आहे त्यांनी लिहा.

---

पाणबुड्या_७२

दादा, मी सोळा वर्षं इथे पर्यटकांना पाण्याखाली नेतो. तुम्ही वर्णन केलंत ते हंगामात रोज होतं. नांगर टाकणाऱ्याला प्रवाळाशी वैर नसतं. त्याला होडी एका जागी धरून ठेवायची असते, आणि बांधायला तिथे दुसरं काही नसतं.

यावर उपाय जगभर एकच आहे: तळाशी कायमचा पक्का दगड किंवा काँक्रीटचा ठोकळा, त्याला साखळी, वर तरंगता बोया. होडी आली की दोर बोयाला अडकवायचा, नांगर काढायचाच नाही. खर्च फार मोठा नाही. पण बोया टाकणार कोण? प्रवाळ वाचवायचं म्हणून टाकला तर ते वनखात्याचं काम. पाण्यावर तरंगणारी, होड्यांच्या वाटेत येणारी वस्तू म्हणून बघितलं तर बंदर खात्याला विचारावं लागतं. किल्ल्याजवळ असेल तर पुरातत्त्व आलंच. पावसाळ्यात साखळी तुटून बोया वाहून गेला, तर परत लावायचा कुणी? दरवर्षी त्याची देखभाल कुणाच्या पैशातून? पहिल्यांदा बोया टाकायला उत्साह सगळ्यांना असतो. चौथ्या वर्षी साखळीचा गंज बघायला कुणी खाली उतरत नाही. मी उतरलोय, म्हणून सांगतो.

आणखी एक. २४ मे २०२२ ला तारकर्लीत पर्यटकांची बोट उलटून दोन जण गेले. त्यानंतर लाइफ जॅकेट, परवाने, प्रवासीसंख्या यावर बरीच चर्चा झाली आणि व्हायलाच हवी होती. पण त्या चर्चेत पाण्याखालच्या खडपाचं नाव मी कुठे ऐकलं नाही. होडी सुरक्षित आहे का हे एक खातं बघणार, होडीखाली काय आहे ते दुसरं. बंदरावर मात्र होडी एकच, तांडेल (होडी चालवणारा प्रमुख) एकच आणि प्रशिक्षणही एकच. त्याच दिवशी, त्याच वर्गात दोन्ही गोष्टी का शिकवता येत नाहीत?

---

वकिली_कट्टा

चांगला धागा. कायद्याच्या बाजूने काही गोष्टी मांडतो, लांबेल, पण उपयोगी पडेल.

राज्यघटनेत मासेमारी हा राज्यसूचीतला विषय आहे, पण प्रादेशिक समुद्राच्या पलीकडची मासेमारी केंद्रसूचीत. म्हणजे किनाऱ्यापासून १२ सागरी मैल राज्य, त्यापुढे २०० मैलांपर्यंत केंद्र. मालवण अभयारण्य किनाऱ्याला लागून आहे, त्यामुळे मुख्य जबाबदारी राज्याची. तरी केंद्र पूर्ण बाहेर नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम २६अ १९९१ च्या दुरुस्तीने आलं. त्यानुसार प्रादेशिक समुद्राचा भाग अभयारण्यात घ्यायचा तर केंद्राची पूर्वसंमती लागते, हद्द ठरवताना मुख्य नौदल जलसर्वेक्षकाशी सल्लामसलत करावी लागते, आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपण्याची पुरेशी तजवीज करावी लागते. जहाजांच्या निर्दोष मार्गक्रमणाचा, म्हणजे कुणाला उपद्रव न देता तिथून जाण्याचा, हक्कही अबाधित राहतो. मालवणची घोषणा या दुरुस्तीच्या चार वर्षं आधीची. मच्छीमारांच्या मनात जी अढी आहे तिचं एक मूळ मला इथे दिसतं.

आता खडपावरच्या दादांच्या प्रश्नाकडे. प्रवाळ अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचं संरक्षण. अभयारण्यात कुठल्याही वन्यजीवाचा किंवा त्याच्या अधिवासाचा परवानगीशिवाय नाश करणं कलम २९ खाली मना आहे. झडती घेणं, जप्ती आणणं, अटक करणं हे अधिकार कलम ५० मध्ये आहेत. ते वन अधिकाऱ्याला आहेत, उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या पोलिसालाही आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, त्यात निरीक्षक दर्जाचे सीमाशुल्क अधिकारी आणि तटरक्षक दलाचे असिस्टंट कमांडंट व त्यावरचे अधिकारीही आले.

तेव्हा "आमच्याकडे अधिकार नाही" हे उत्तर वन, पोलीस किंवा तटरक्षक यांपैकी कुणीच देऊ शकत नाही. अधिकार तिघांकडे आहे. वापरायचा कुणी, हे कुठेही लिहिलेलं नाही. अडचण तिथेच आहे.

---

मीठभाकर

मग एकच प्राधिकरण करा ना! ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरिअर रीफसाठी १९७५ सालीच वेगळा कायदा करून वेगळं प्राधिकरण केलंय. सगळं एका छत्राखाली, म्हणजे टोलवाटोलवी बंद.

---

वकिली_कट्टा

मीठभाकर, प्राधिकरण आहे हे खरं, पण ते एकट्याने काम करत नाही. बेटं आणि किनाऱ्याजवळचं बरंच पाणी क्वीन्सलँड राज्याच्या हद्दीत येतं. म्हणून केंद्र आणि राज्य तिथे संयुक्त कार्यक्रम चालवतात. खर्च दोघे उचलतात, गस्त एकत्र आखतात. रक्षक राज्याचा असला तरी केंद्राचा कायदा बजावू शकतो. आपण तिथून नवं कार्यालय उचलण्यापेक्षा ही शेवटची गोष्ट उचलावी असं मला वाटतं. आपल्या कलम ५० मध्ये तिची सोय आधीच झालेली आहे.

---

रापणकर

वकीलसाहेबांनू, ह्यां २६अ कलम माका आज कळला. १९८७ साली मी धा वर्षांचो होतंय. बाबा घराक येवन सांगायचे, आता दर्यात सरकारचो पारो बसतलो, रापण (किनाऱ्यावरसून ओढतत ता जाळां) ओढूक गावाची नाय. घराघरात ती भीती होती. अजून गेली नाय.

सगळ्यांना कळावं म्हणून पुढचं नीट मराठीत लिहितो. अभयारण्य म्हटलं की आमच्या वाड्यात लोक दार लावून घेतात. का, ते समजून घ्या. रात्री समोर हायस्पीड ट्रॉलर दिसतात, मासे ओढून घ्यायला लावलेल्या एलईडीच्या उजेडाने क्षितिज पांढरं होतं. आम्ही फोन करतो. कुणी येईपर्यंत जाळी ओढून झालेली असतात. आणि सकाळी अभयारण्याच्या नियमांबद्दल बोलायला माणूस येतो तो रापणीच्या दोरीजवळ. ज्याच्याकडे जोरात पळणारी बोट नाही, त्यालाच नियम विचारणं सोपं जातं.

खडप कुठे आहे, कुठल्या महिन्यात कुठला मासा तिथे अंडी घालायला येतो, हे आम्हाला बापजाद्यांपासून माहीत आहे. मालवणचा समुद्र जपायला आमचा विरोध कधीच नव्हता. खडप मेलं तर सगळ्यांत आधी आमची चूल विझेल. आम्हाला विचारा, आमची जागा कुठे ते लिहून द्या, मग बघा राखण कशी होते.

---

जुना_टिपणीकार

रापणकर, तुमचं बोलणं मनाला लागलं. मी सरकारी नोकरीत ३१ वर्षं काढली, किनाऱ्याच्या जिल्ह्यांतच. खातं सांगत नाही. आतून हे कसं दिसतं ते लिहितो.

गस्त म्हणजे डिझेल. डिझेल म्हणजे लेखाशीर्ष, खर्च कुठल्या खात्यावर टाकायचा तो मथळा. एका खात्याच्या बोटीत दुसऱ्या खात्याचा माणूस बसला तर डिझेल कुणाच्या खर्ची टाकायचं, इथपासून टिपणी सुरू होते. हे वाचून कुणाला क्षुल्लक वाटेल, पण संयुक्त गस्त कागदावरून पाण्यात उतरत नाही त्याचं मोठं कारण हेच आहे. खात्यांतलं वैर मी फार कमी पाहिलं. हिशेब न जुळणं पुष्कळ पाहिलं.

दुसरी गोष्ट मोजण्याची. मत्स्य खात्याचे नियम खोलीच्या वावांत (वाव म्हणजे साधारण सहा फूट) आणि किनाऱ्यापासूनच्या अंतरात मोजतात. अभयारण्याची हद्द नकाशावरच्या रेषेत आहे. रात्री बोट पकडली तर ती नेमकी कुणाच्या नियमात सापडली, हे पंचनाम्यात लिहिताना हात थांबतो. एकाच नकाशावर तिन्ही रेषा काढून तो प्रत्येक गस्ती नौकेवर आणि पोलीस ठाण्यात लावला पाहिजे. या कामाला कायदा बदलावा लागत नाही.

तिसरी, मला सगळ्यांत खुपणारी. वन्यजीव कायद्याच्या कलम ३३ब मध्ये अभयारण्यासाठी सल्लागार समिती सांगितली आहे. मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांचा प्रतिनिधी, आमदार, पंचायत राज संस्थांचे तीन, स्वयंसेवी संस्थांचे दोन, वन्यजीव क्षेत्रात काम करणारे तीन, मानद वन्यजीव रक्षक, शिवाय गृह आणि पशुवैद्यक या विभागांचा प्रत्येकी एक. वाचताना लक्षात आलं का? पशुवैद्यक आहे, मत्स्य खातं नाही. बंदर नाही, तटरक्षक नाही. ही यादी जंगल डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे, जिथे गावातली गुरं रानात शिरतात. समुद्राला ती तशीच लावली.

पण निराश होऊ नका, दुसरं एक टेबल कायद्यातच आहे. सीआरझेडच्या अधिसूचनेत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समिती सांगितली आहे आणि तिच्यावर मच्छीमारांसह पारंपरिक किनारी समाजाचे किमान तीन प्रतिनिधी असलेच पाहिजेत. वन, मत्स्य, बंदर, पोलीस, नगरपरिषद या सगळ्यांना एका खोलीत बोलावू शकेल असा माणूस जिल्ह्यात एकच असतो, तो जिल्हाधिकारी. २०११ च्या सीआरझेड अधिसूचनेत मालवणचं नाव अतिसंवेदनशील किनारी क्षेत्रांत घेतलेलं आहे आणि अशा क्षेत्रांचं व्यवस्थापन स्थानिक समाजाला सोबत घेऊन करायचं आहे. धागा जिथे जुळू शकतो ती जागा मला हीच वाटते.

---

गोदातीर

अभ्यास नाही माझा, फक्त वाचतेय. तेल सांडलं तर कुणाचं काम? नांगराचं एवढं, तर तेलाचं काय होईल?

---

वकिली_कट्टा

गोदातीर ताई, तेलाच्या बाबतीत चित्र बरंच स्पष्ट आहे. समुद्रातल्या तेलगळतीसाठी राष्ट्रीय आपत्कालीन योजना आहे आणि तिची सूत्रं तटरक्षक दलाकडे आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये पार्थ नावाचं डांबर वाहणारं जहाज आपल्या किनाऱ्यासमोर बुडालं, तेव्हा तटरक्षकांनी १९ खलाशी वाचवले. तेल पाण्यात असेपर्यंत ते बघतात, किनाऱ्याला लागलं की जिल्हा प्रशासन, बंदराच्या हद्दीत बंदर. कुणी पहिलं धावायचं हे आधी ठरलेलं आहे, सराव होतात.

तुमच्या प्रश्नातून मला एक सुचलं. मोठ्या संकटाची वाटणी लिहून ठेवलेली आहे. रोजच्या झिजेची, म्हणजे नांगर, प्लास्टिक, सांडपाणी, तुटलेली जाळी यांची वाटणी कुणी लिहिलेली नाही. प्रवाळ बहुधा या रोजच्या झिजेनेच जाईल.

---

पाणबुड्या_७२

झिजेत गरम पाणीही धरा. गेल्या दहा-बारा वर्षांत उन्हाळ्यात प्रवाळ पांढरं पडलेलं मी स्वतः पाहिलंय. समुद्राचं तापमान जिल्ह्यातल्या कुणाच्या हातात नाही, मान्य. पण पांढरं पडलेलं प्रवाळ सावरू शकतं, जर त्या काळात त्याच्यावर नांगर पडला नाही आणि त्याला माणसांचे पाय लागले नाहीत. त्या महिन्यांत ठरावीक खडपं बंद ठेवायची म्हटली तर पांढरं पडल्याचं सांगणार आम्ही पाणबुडे, बंदीचा आदेश वनखात्याचा, होड्या थांबवणार मेरीटाइम बोर्ड. तिघांच्या मध्ये एक फोन पुरेसा आहे, पण तो कुणी कुणाला करायचा हे ठरलेलं पाहिजे.

---

सागरकन्या_वेंगुर्ला

खात्यांनी मिळून केलेलं आणि चाललेलं एक काम आहे, ते इथे यायला हवं.

डिसेंबर २०१८ पासून राज्यात जाळे नुकसानभरपाई योजना आहे. जाळ्यात कासव, डॉल्फिन, बहिरी मासा (व्हेल शार्क) असं संरक्षित काही अडकलं आणि मच्छीमाराने जाळं कापून ते सोडलं, तर त्याला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. फोटो किंवा व्हिडिओ जोडून अर्ज करायचा. मत्स्य खातं आणि वनखात्याचा कांदळवन कक्ष मिळून हे बघतात.

माझ्या काकांनी कासव सोडलं तेव्हा मी तिथे होते. आधी काय व्हायचं, तर लोक घाबरून गप्प बसायचे, न जाणो आपल्यावरच गुन्हा दाखल होईल. आता गावातली पोरं व्हिडिओ काढतात, जीव पाण्यात गेला की टाळ्या वाजवतात. जिवंत जीव सोडताना बघितलेला माणूस पुढच्या वेळी कुणाच्या सांगण्याची वाट बघत नाही.

ही योजना का चालली? माझ्या मते, मच्छीमाराने काय करायचं, मत्स्य खात्याने काय, वनखात्याने काय, हे एका पानावर मावतं. आणि जो समुद्रात सगळ्यांत आधी हजर असतो, त्यालाच पहिलं काम दिलेलं आहे.

---

रापणकर

ताई, अगदी बरोबर. आमच्या वाडीत तीन जणांनी अर्ज केले होते. एकाला पैसे यायला वेळ लागला, पण आले.

अजून एक भर घालतो. पूर्वी बेकायदा मासेमारीचे खटले तहसीलदारांपुढे चालायचे, तिथे महसुलाचीच कामं ढीगभर. २०२१ च्या दुरुस्तीने तो अधिकार मत्स्य खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आला आणि दंड लाखांत गेला, एलईडीला तर पाच लाखांपासून पुढे. जो पकडतो त्याच्याच खात्यात निकाल, त्यामुळे फाइल फिरत नाही. जानेवारी २०२५ पासून ड्रोनही उडतात. ड्रोनने फोटो निघतो, बोट थांबत नाही, हे खरं. पण नाव आणि नंबर मिळतो.

---

मीठभाकर

माझं मत थोडं बदललं. आता विचारतो, आंग्रिया बँकेचं, म्हणजे खोल समुद्रातल्या त्या बुडालेल्या प्रवाळ उंचवट्याचं काय? तिथलं प्रवाळ तर मालवणपेक्षा कितीतरी मोठं आहे म्हणे.

---

वकिली_कट्टा

आंग्रिया बँक विजयदुर्गापासून पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर आहे. १२ सागरी मैल म्हणजे साधारण २२ किलोमीटर. त्यामुळे ती राज्याच्या पाण्यात येतच नाही आणि तिच्या संरक्षणाचा निर्णय केंद्राने घ्यायचा आहे. तिच्यासाठी वेगळा धागा काढा, मी नक्की लिहीन. तिथल्या पाण्यात कोण पोहोचू शकतं या प्रश्नाचं उत्तर तटरक्षक आणि नौदल यांच्यापलीकडे फारसं जात नाही.

---

खडपावरचा

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रात्री हा धागा वाचून जिल्हाधिकाऱ्यांना द्यायच्या अर्जाचा मसुदा केलाय. मागण्या चारच ठेवल्या आहेत.

जुन्या टिपणीकारांनी सांगितलेला एकच नकाशा: गाभा, बफर, मत्स्य खात्याच्या रेषा, होड्यांची वाट आणि खडपं. खडपं दाखवायला रापणकरांच्या वाडीतली माणसं आणि पाणबुडे सोबत हवेत. दुसरं, किल्ल्याभोवती बोये, आणि ते टाकण्याच्या आदेशातच देखभालीचा खर्च कुणाचा ते नाव घालून. तिसरं, एक पान: नांगर, अडकलेला जीव, परकी बोट, सांडपाणी, पांढरं पडलेलं प्रवाळ, या प्रत्येकासमोर पहिला फोन कुणाला, आणि तो उचलला गेला नाही तर दुसरा कुणाला. हे पान प्रत्येक होडीत, जेट्टीवर आणि तिकीट खिडकीवर चिकटवायचं. चौथं, जिल्हास्तरीय समितीची बैठक हंगामाआधी आणि हंगामानंतर, इतिवृत्त जाहीर करून.

वकीलसाहेब, कलम ५५ प्रमाणे नागरिकही ६० दिवसांची नोटीस देऊन थेट न्यायालयात तक्रार करू शकतो, हे अर्जात घालू का?

---

वकिली_कट्टा

अर्जात नको. ते माहीत असू द्या, तुमच्याजवळ ठेवा. पहिल्याच भेटीत नोटिशीची भाषा आली की समोरचा आपल्या खात्याची बाजू सांभाळत बसतो. आधी नकाशा मागा.

---

जुना_टिपणीकार

मसुदा उत्तम. एक दुरुस्ती: "संबंधित विभागांनी समन्वयाने कार्यवाही करावी" हे वाक्य काढून टाका. मी नोकरीत हे वाक्य शेकडो वेळा लिहिलं असेल. त्या वाक्यानंतर कुणीच काही करत नाही, कारण त्यात कुणाचंच नाव नसतं. प्रत्येक मागणीपुढे पदनाम आणि तारीख घाला.

---

रापणकर

आणि नकाशा करूक येतलात तेव्हा भरती-ओहोटी बघून या. मोठ्या ओहोटीक सकाळी लवकर निघालो तर अर्धी खडपा वरसूनच दिसतत. होडी माझी, डिझेलाचो इचार करू नकात.

---

खडपावरचा

येतो. अमावस्येनंतरचा दिवस धरू या का? पाणबुड्या, तुम्हीही या, खालचं तुम्ही सांगा. मोबाइलवर जागांची नोंद मी करतो.

---

पाणबुड्या_७२

आलोच. पद्मगडाच्या बाजूने सुरुवात करू, तिथे नांगराच्या खुणा जास्त आहेत.